मोहाच्या टोळ्या आणि सात दिवस

२ जुलै, रात्री साडेदहा

दिवसभर पाऊस. सकाळी कुरखेड्याकडून मावशींनी एसटीतून पाठवलेलं मोहाच्या टोळ्यांचं, म्हणजे बियांचं, पोतं आलं, तोंड सोडून हात घातला तर आतून चक्क गरम लागलं. ओलं बी श्वास घेत असतं, कोंडलं की तापतं, आणि बुरशीला तेवढीच ऊब पुरते. लगेच जमिनीवर चादर टाकून सगळं पसरवलं.

मोहाचं बी तुरी-हरभऱ्यासारखं वाळवून डब्यात ठेवता येत नाही. वाळलं की मरतं, ओलं राहिलं की सडतं, आणि नीट सांभाळलं तरी काही आठवड्यांचाच खेळ. जून-जुलैत फळ पडतं, तेव्हाच लावायचं. माझं सगळं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, या एका गोष्टीपाशी येऊन अडतं.

मागच्या वर्षीचं अजून डोक्यातून जात नाही. मावशींच्या बचत गटाच्या बायांनी माती, रेती, शेणखत चाळून रोपांच्या पिशव्या भरल्या, एकेक टोळी हातात घेऊन निवडली, फुटकी किडकी बाजूला केली, आणि तरी कितीतरी पिशव्यांतून काहीच वर आलं नाही. उकरून पाहिलं तर वरची साल ठणठणीत अन् आतली डाळ काळी, लिबलिबीत. मावशी म्हणाल्या, "मॅडम, आमचंच पाणी जास्त झालं का?" पाणी जास्त नव्हतं झालं. रोग बियातच होता आणि माझ्या प्लेटमध्ये तो दिसला तेव्हा पिशव्या भरून झाल्या होत्या.

कारण बियातली बुरशी शोधायची जुनी भरवशाची पद्धत म्हणजे ब्लॉटर. ओल्या टिपकागदाचे तीन थर, त्यावर बिया, १२ तास अतिनील दिवा, १२ तास अंधार, सात दिवस. नियमाने ४०० बिया तपासायच्या आणि मोहाची टोळी एवढी मोठी की एका प्लेटमध्ये पाचच मावतात, म्हणजे ८० प्लेटा. त्यात रायझोपस ही भराभर पसरणारी बुरशी आली की दोन दिवसांत झाकणापर्यंत पांढरं जाळं, खाली हळू वाढणारी बुरशी असली तरी दिसतच नाही. म्हणून अर्ध्या बिया आधी सोडियम हायपोक्लोराइटने धुते, बाहेरची घाण जाते, आतली तेवढी राहते. मला शोधायची असते ती लॅसिओडिप्लोडिया, बी सडवणारी बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कच्चे बीजाणू बिनरंगाचे, पिकले की तपकिरी होतात, मधोमध एक पडदा आणि अंगावर आवळ्यासारख्या उभ्या रेघा. पहिल्यांदा त्या रेघा दिसल्या तेव्हा किती वेळ डोळा काढलाच नव्हता.

पण सात दिवस कुणाकडे आहेत? म्हणून दोन वर्षं लॅम्प (LAMP) नावाच्या झटपट डीएनए चाचणीच्या मागे लागलेय. जपानी संशोधकांनी २००० साली मांडलेली पद्धत, पीसीआरसारखं तापमान वरखाली करायला लागत नाही, ६०-६५ अंशांवर तासभर ठेवलं की बुरशीचा डीएनए वाढतो, गरम पाण्याच्या भांड्यातसुद्धा होतं. अडचण टोळीचीच, तेल भरपूर आणि टॅनिन इतकं की एन्झाइम कामच करत नाही. डीएनए वाढला हे नळीतल्या रंगावरून कळतं; आधी गुलाबीचा पिवळा होणारा रंग वापरला तर निरोगी बीसुद्धा पिवळं, कारण अर्कच आंबट. तिथे चार महिने गेले. आता जांभळ्याचा आकाशी होणारा रंग घेतलाय.

आज दुपारी लाईन गेली, दोन तास आली नाही, तर थर्मासमध्ये पाणी भरून थर्मामीटर लावून बसले आणि दर पाच मिनिटांनी थोडं थोडं उकळतं पाणी घालत राहिले. तासाने नळ्या पांढऱ्या कागदावर खिडकीपाशी धरल्या. कंट्रोलची, म्हणजे बुरशीचा डीएनए नसलेली, नळी जांभळी. चादरीच्या मधल्या, एकाच झाडाखालच्या ढिगातल्या पाच बियांपैकी तीन नळ्या स्वच्छ आकाशी.

आकाशी म्हणजे बी सडणारच असं नाही, हे मला माहितीय. बुरशी मेलेली असली तरी तिचा डीएनए सापडतो, आणि कित्येक बुरश्या झाडाच्या आत काही त्रास न देता राहतात. त्या ढिगातल्या बिया ब्लॉटरवर लावल्याच आहेत, पण उत्तर पुढच्या आठवड्यात येणार आणि तोवर थांबलं तर चांगलं बीसुद्धा हातचं जाईल.

संध्याकाळी मावशींना फोन केला. सांगितलं, याच झाडाखालच्या ज्या टोळ्या तुमच्याकडे आहेत त्या लावा, पण वेगळ्या रांगेत, बाकीच्या पिशव्यांपासून लांब, आणि त्या रांगेचं पाणी दुसरीकडे वाहू देऊ नका. आणि हे पण सांगितलं की मला शंभर टक्के खात्री नाही. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "बरं झालं लावायच्या आधी सांगितलं बाई, उद्या त्या रांगेला लाल चिंधी बांधतो."

दिव्याचा टायमर बिघडलाय, तो हातानेच बंद करावा लागतो. पहाटे साडेपाचचा अलार्म लावलाय.