लुगड्याचा पऱ्ह्या

आमच्या शाळेत दरवर्षी २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती साजरी होत असे, आणि स्नेहसंमेलनाच्या झगमगाटापेक्षा मला त्या साध्या दुपारचीच आठवण अधिक येते. दोन वर्गांमधले लाकडी पार्टिशन सरकवले की सभागृह तयार होई. मराठीच्या बाई ‘श्यामची आई’मधली एक ‘रात्र’ वाचून दाखवत आणि नंतर एखाद्या वर्गाची नाटिका होई. या पुस्तकाचा बराचसा भाग गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला, हे बाई न चुकता सांगत.

मुलांची मागणी असे ती पोहण्याच्या गोष्टीची. पाण्याला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीकडे धाडते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. मार आला की पुढे बसलेली मुले खिदळत. मला मात्र कोटाची गोष्ट अधिक मोठी वाटे. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात, पाण्याने फुगलेला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडून गणपतीला घरी येतो. विहिरीकडे त्याला आईने धाडले होते. पऱ्ह्यात तो आपणहून उतरला.

आम्ही आठवीत असताना ही नाटिका आमच्या वर्गाकडे आली. श्यामचे काम वर्गातल्या सर्वांत अबोल मुलाला मिळाले, तेही केवळ नाटकासाठी आणलेला सदरा त्याच्याच अंगाला बसला म्हणून. दोन मुलींनी दोन टोकांना धरून हलवायचे निळे लुगडे, हा आमचा पऱ्ह्या. मी विंगेत वही घेऊन उभा होतो. पऱ्ह्याच्या काठावर येताच तो वाक्य विसरला. मी दोनदा पुटपुटलो, पण सभागृहातल्या हशात ते त्याला ऐकू गेले नाही. आता हा आत पळून येणार, अशी माझी खात्री झाली. त्याने कोटाची घडी डोक्यावर घेतली आणि एक शब्दही न बोलता तो लुगड्यात उतरला. मध्येच एका मुलीच्या हातून टोक सुटले, तेव्हा त्याने थांबून, वाकून, ते उचलून तिच्या हाती दिले आणि मगच तो पलीकडे गेला. हशा केव्हा थांबला, ते मला कळलेच नाही.

विंगेत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. कोटाची घडी माझ्याकडे देत त्याने हळूच विचारले, “माझं वाक्य काय होतं रे?”