सणाच्या जेवणाला वाटून घ्यायची बिअर निवडताना: माझा अनुभव

सणाच्या जेवणाची बिअर ठरवताना मी आवडीनिवडीकडे नंतर बघते, आधी माणसं मोजते. सगळ्यांनी वाटून घ्यायची तर ७५० मिलीची बाटली सोयीची. माणशी १५० मिली धरले तर हिशेबाने पाच ग्लास होतात, पण तळाचा यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवायचा असल्याने पाचवा ग्लास थोडा उणाच भरतो. सहा जण असले तरी १२० मिली पुरतात, कारण ही बिअर तहान भागवायला नसते, घासाबरोबर घोट घ्यायला असते. आठ माणसांना दोन बाटल्या, आणि दोन्ही एकाच बिअरच्या. दोन वेगवेगळ्या आणल्या की अर्ध्या टेबलाला एक मिळते, अर्ध्याला दुसरी, आणि जेवण सोडून ग्लासांची अदलाबदल सुरू होते.

३३० मिलीच्या बाटल्या उघडत बसणं त्रासाचं. विशेषतः ज्यांच्या तळाशी यीस्ट असतं त्यांचं. ऑर्व्हाल ही बेल्जियन बिअर मला फार आवडते, पण ती छोट्या बाटलीतच येते. दोघांच्या जेवणाला ती उत्तम, दहा जणांच्या टेबलावर नको.

त्यानंतरचा प्रश्न: ही बिअर जेवणात नेमकी कुठे येणार? बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. सणाच्या दिवसांत ‘ख्रिसमस’ किंवा ‘विंटर’ असं लिहिलेल्या बाटल्या समोर मांडलेल्या असतात आणि सणाच्या जेवणाला सणाची बिअर असा सरळ हिशेब होतो. पण यातल्या बऱ्याच बिअर जेवण संपल्यावरच्या आहेत. सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल १० टक्के अल्कोहोलची. ऑस्ट्रियातली समिक्लाऊस तर १४ टक्क्यांची, वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी बनवतात. आपापल्या जागी दोन्ही थोर. पण मुख्य पदार्थाबरोबर घेतल्या तर त्यांचा गोडवा आणि जडपणा भूकच मारतो. शिवाय १० टक्क्यांच्या १५० मिली बिअरमध्ये १५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं आणि ५ टक्क्यांच्या अख्ख्या ३३० मिली बाटलीत साडेसोळा. ग्लास लहान दिसतो म्हणून माणूस दुसरा सहज मागतो.

मुख्य जेवणाबरोबरच्या बिअरमध्ये मी दोन गोष्टी शोधते: भरपूर वायू आणि कोरडा शेवट. साध्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या हलक्या, फिक्या बिअरमध्ये, बिअरच्या आकारमानाच्या साधारण अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेल्या बेल्जियन बिअरमध्ये तो तीन पटींच्या पुढे जातो. तूप-तेल-लोणी असलेल्या घासानंतर जिभेवर जो थर बसतो तो या बुडबुड्यांनी आणि त्यांच्या किंचित आंबटपणाने सुटतो, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कोरडा शेवट म्हणजे यीस्टने बहुतेक साखर खाऊन टाकलेली. गोडी मागे रेंगाळली की तिसऱ्या-चौथ्या घोटाला कंटाळा येतो.

या दोन्ही कसोट्यांवर उतरते ती सेझॉन, ही बेल्जियन बिअरची एक जात. फारशी माहिती नसलेल्या टेबलासाठी एकच नाव सुचवायचं तर मी सेझॉन डुपाँ म्हणेन: ६.५ टक्के, खळखळून वायू, कोरडी, आणि मिरीसारखा वास, तोही यीस्टमधून आलेला. ती कशाशीच भांडत नाही. ट्रिपेल, म्हणजे फिकी पण कडक बेल्जियन बिअर, हीही चालते, पण ती ८ ते साडेनऊ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून ग्लास १०० मिलीचाच.

जेवण तिखट असेल तर मात्र निवड बदलते. तिखटाला जोरकस म्हणून आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, आणणं हा मला न पटणारा प्रकार आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. त्यांचा कडवटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही मिरचीची आग वाढवतात. अशा वेळी ५ टक्क्यांच्या आसपासची गव्हाची बिअर किंवा माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, गोडी असलेली तांबूस लागर घ्यावी. खरपूस भाजलेल्या पदार्थाला डुबेल (गडद बेल्जियन) किंवा डुंकेल (गडद जर्मन), कारण भाजलेल्या माल्टची चव आणि पदार्थावरच्या तपकिरी सालीची चव जवळपास एकाच प्रक्रियेतून येतात. गोडाबरोबर बिअर पदार्थाहून गोड किंवा निदान तितकीच भरदार हवी, नाहीतर ती पाणचट आणि कडू लागते. तिथे इम्पिरिअल स्टाउट ही काळी, कडक बिअर, माणशी ७५ मिली, बस्स.

आंबट बिअरबद्दल थोडं सावध राहावं. रोडेनबाख ग्राँ क्रू ६ टक्क्यांची, तिच्यात दोन तृतीयांश भाग ओकच्या पिंपात दोन वर्षं मुरलेला असतो. तेलकट-तुपकट जेवणाला तिच्यासारखी जोड क्वचित सापडते. पण पहिल्यांदाच पिणाऱ्याला वाटतं की बिअर बिघडलीय. चार ओळखीच्या खवय्यांसाठी जरूर आणावी, सासरच्या मंडळींवर प्रयोग नको.

आता बाटली हातात घेऊन बघायच्या गोष्टी. तारीख आधी. हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर तीन महिन्यांच्या आतली आणि थंड ठेवलेली हवी, कारण तो वास सगळ्यात आधी उडतो. शिळी हलकी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. काळसर, ८ टक्क्यांच्या वरच्या बिअरला वर्ष-दोन वर्षांनी सहसा काही होत नाही, काही तर सुधारतात. मग काचेचा रंग. हॉप्समधल्या कडवट घटकांवर उजेड पडला की गंधकाचा उग्र वास तयार होतो, आणि उन्हात याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाही. हिरवी बाटली घ्यायची असेल तर पुढच्या रांगेतली, दिव्याखालची सोडून खोक्यातली मागावी. बूच ओलं, चिकट दिसलं किंवा पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असली तर ती परत ठेवावी. जमलं तर एक बाटली जास्तीची आणून आठवडाभर आधी चाखून बघते. सणाच्या दिवशी आश्चर्यं नकोत.

घरी आणल्यावर बाटली निदान २४ तास फ्रिजमध्ये उभी ठेवायची म्हणजे यीस्ट तळाशी बसतं. दारातल्या कप्प्यात नको, दर उघडझापीला ती हलते. सेझॉन ७ ते १० अंशांना, डुबेल आणि ट्रिपेल ८ ते १२, स्टाउट १२ ते १४. फ्रिजमधून २० मिनिटं आधी काढली की सेझॉनचं काम होतं. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत अर्धा तास. फ्रीझरमध्ये कधीच नको: ५ टक्क्यांची बिअर उणे २-३ अंशांच्या आसपास गोठायला लागते आणि विसरलात तर काच फुटते.

इतकं करून ग्लास तेलकट निघाला तर सगळं मुसळ केरात. स्निग्धतेने फेस मरतो. ग्लास वेगळ्या घासणीने धुवायचा, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळायचा, फडक्याने न पुसता उपडा वाळवायचा. तपासायचं तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरवा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेल आहे. ओतल्यावर बुडबुडे भिंतीला चिकटून बसले तर तेच कारण.

बुचाची बाटली उघडताना तारेची जाळी सोडवली की अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडायचं आणि फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. बूच स्वतःहून वर यायला लागलं की उलट दाबून ते हळू बाहेर येऊ द्यायचं. बिअर कोमट किंवा नुकतीच हललेली असली तर ती उसळून बाहेर येते. नीट थंड, न हललेली बाटलीही उसळली तर आत काहीतरी जास्तीचं आंबलंय, चाखल्याशिवाय वाढू नये.

ओतण्याआधी सगळे ग्लास एका ओळीत, एकमेकांना टेकवून ठेवायचे. बाटली एकदा तिरकी केली की शेवटचा ग्लास भरेपर्यंत पुन्हा सरळ करायची नाही. प्रत्येक ग्लासनंतर ती उभी केली की आतली बिअर मागे आपटते, गाळ ढवळतो आणि पहिल्याला स्वच्छ, पाचव्याला गढूळ बिअर जाते. पहिल्या फेरीत प्रत्येकी अर्धाच ग्लास, फेस बसत आला की त्याच झुकावात उलटी दुसरी फेरी. बाटलीची मान झुकलेली ठेवून मी डोळा मात्र तिच्या खांद्यापाशी लावते: तिथे पांढुरकी रेघ सरकायला लागली की थांबायचं. तळाचे दोनेक सेंटिमीटर सोडून द्यावेत. बव्हेरियन गव्हाच्या बिअरचं उलटं, तिचा शेवटचा भाग मुद्दाम गोल फिरवून सगळ्यांच्या ग्लासांत वाटतात.

गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलमुक्त गव्हाची बिअर त्याच प्रकारच्या ग्लासात वाढावी. या वर्गातल्या अनेकींमध्ये ०.५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, म्हणून अजिबात नको असणाऱ्यांनी लेबलवर ०.० पाहून घ्यावं. ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्याला मात्र तीही चालत नाही, गहू आणि जव दोन्हींत ते असतंच.

बाटली अर्धी उरली तर शॅम्पेनला लावतात तसलं पकड असलेलं झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवायची. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक, त्यानंतर वायू गेलेला असतो.