टाकी वरून गळत होती

गाडीच्या टाकीतून पेट्रोल खाली ठिबकतं म्हणून भोक खालीच असेल असं नसतं. हे एक वाक्य मी एका माणसाला पाच शनिवार सांगत होते. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढतेय. निदान दुसऱ्या कुणाचे पाच शनिवार वाचतील.

बाबांची एमजीबी, म्हणजे एमजी या इंग्लिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी, 1966 ची आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी ती मुंबईतल्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली आणि बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. इंग्लंडात ॲबिंग्डनला 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ही गाडी बनत होती, पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे पार्ट आजही मिळतात. अडतं ते काम करणाऱ्या हातांपाशी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टाकी फुल केली आणि गाडी सोसायटीच्या स्टिल्टमध्ये लावली. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली. "ताई, खाली पेट्रोलचा वास मारतोय." खाली गेले तर डिकीखाली ताटाएवढा ओला डाग. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि लिफ्टच्या खड्ड्यात, गटारात साठते, म्हणून पहिलं काम म्हणजे गाडी उघड्यावर काढणं. स्टार्टर मारायचा नाही, ढकलायची. वॉचमन आणि मी मिळून ती गेटपाशी आणली. बॅटरीही काढली, पण ती नंतर. वास येत असताना बॅटरीच्या टर्मिनलला पाना लावू नका, ठिणगी तिथेच उडते.

गळती लाइनला नाही, टाकीला आहे हे मी त्याच दिवशी ओळखलं होतं. या गाडीला एसयू कंपनीचा, पेट्रोल खेचणारा इलेक्ट्रिक पंप असतो, उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे. चावी फिरवली की तो टिकटिक करतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की गप्प होतो. पुढे पाईप फुटला असेल किंवा मागून हवा खेचत असेल तर टिकटिक थांबत नाही. उघड्यावर, वास गेल्यावर, चावी फिरवून पाहिली. आठ-दहा टिकटिक आणि शांतता. बाबा याला गाडीचा श्वास म्हणायचे. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दहा-बारा लिटर पेट्रोल उपसून काढल्यावर ठिबकणं आपोआप बंद झालं. तळाला भोक असतं तर शेवटच्या थेंबापर्यंत गळायला हवं होतं.

टाकी उतरवायला आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला अर्धा दिवस लागला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी अडचण पुढेच होती. ठाण्यात मी सात-आठ वेल्डिंगवाल्यांकडे गेले, सगळ्यांचं उत्तर एकच, "पेट्रोलची टाकी? नको मॅडम." त्यांना दोष नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मग कुणीतरी नवी मुंबईतल्या टीटीसी या औद्योगिक पट्ट्यातल्या एका वर्कशॉपचा नंबर दिला. फोनवर मालक म्हणाले, "आणून टाका, दोन दिवसांचं काम." मी टाकी रिकामी केली, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली आणि टेम्पोने पाठवली. सोबत कागदावर लिहून दिलं : भरल्यावरच गळते, वरची बाजू तपासा.

पहिला शनिवार. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडून रबाळ्याला उतरले, पुढे रिक्षा. टाकीला हात लागलेला नव्हता. "वेल्डर गावी गेलाय."

दुसऱ्या शनिवारी धो धो पाऊस होता आणि माझी टाकी शेडच्या बाहेर पत्र्यांच्या ढिगावर पडलेली. सेंडर, म्हणजे पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा भाग, बसतो ते गोल तोंड उघडं, आणि शेडच्या पन्हाळीचं पाणी थेट त्यात पडत होतं. मी ओढून आत घेतली, तिरकी केली तर चहाच्या रंगाचं पाणी बदाबदा बाहेर आलं. साठ वर्षं आतून धरून राहिलेला पत्रा एका आठवड्यात गंजवायचा हाच मार्ग. पर्समधली प्लास्टिकची पिशवी तोंडावर बांधली आणि मालकांना सांगितलं. ते मोबाईलवरून मान न उचलता म्हणाले, "होऊन जाईल मॅडम."

तिसऱ्या शनिवारी टाकी तयार होती. काळ्या रंगाने चकचकीत. मी सहा हजार पाचशे रुपये दिले, आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक. टेस्ट डोळ्यांसमोर झाल्याशिवाय पैसे देऊ नका. घरी आणून बसवली, दहा लिटर भरले, थेंब नाही. मला इतका आनंद झाला की मैत्रिणीला फोन करून सांगितलं. रविवारी फुल केली आणि तासाभरात पुठ्ठ्यावर तोच डाग.

परत उतरवली, परत टेम्पो. चौथ्या शनिवारी पाहते तर खालच्या जोडावर पुट्टीचा आणखी एक थर, वर आणखी काळा रंग. मी विचारलं, प्रेशर टेस्ट केली का? "केली ना." मला दाखवा. "कॉम्प्रेसर बंद आहे." आणि वरची बाजू? "मॅडम, पाणी कुठून येतं ते बघायचं असतं. थेंब खाली लागतो ना? मग लीक खाली." मी समजावलं की वरून निघालेलं पेट्रोल बाजूने ओघळून खालच्या कडेला लोंबतं आणि तिथून सुटतं, म्हणून डाग खाली दिसतो. पत्र्याच्या घरात पाऊस कुठे गळतो आणि पाणी कुठे पडतं हे पाहिलेल्या कुणालाही हे कळतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी या म्हणाले.

पाचव्या शनिवारी मी सायकलचा पंप, रबरी बूच, क्लिपा आणि बाटलीत साबणाचं पाणी घेऊनच गेले. आत कस्टमरला परवानगी नाही म्हणाले. ठीक. टाकी गेटबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. पेट्रोल भरतात त्या तोंडाला बूच, सेंडर आपल्या रिंगने बसवलेला, आणि पेट्रोल बाहेर येतं त्या नळीला पंपाचा पाईप. दोन-तीन दट्टे मारले आणि वरच्या पत्र्यावर साबणाचं पाणी ओतलं. एका ओळीत बुडबुडे यायला लागले. आधी दोन, मग आणखी तीन. मोहरीएवढी पाच भोकं, सगळी वर, डिकीच्या तळाला टाकी टेकते तिथे. खालच्या जोडाला, जिथे त्यांनी दोनदा पुट्टी थापली होती, तिथे एकही नाही. मालक बाहेर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मग हे आधी सांगायचं ना मॅडम."

मी एक शब्द बोलले नाही. रिक्षा थांबवली, टाकी मांडीवर घेतली आणि ऐरोलीमार्गे ठाण्याला आले. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं, तासभर तिथेच अडकलो. त्या तासभरात मला रडू आलं, ते टाकीसाठी नाही, बाबांच्या हाताने लावलेला प्रत्येक नट आठवून.

काम शेवटी झालं वागळे इस्टेटमध्ये, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडे. त्यांच्याकडे जायचं सुचायला मला दीड महिना लागला. जुन्या पातळ पत्र्याच्या टाकीला वेल्डरपेक्षा रेडिएटरवाला बरा, कारण त्याचं काम सोल्डरचं, ज्योत जवळ न्यावी लागत नाही. काकांनी टाकी गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने चार वेळा विसळली, दर वेळी तोंडाला नाक लावून वास घेतला. मग कळशीने पाणी भरलं, वरच्या पत्र्याला बोटभर कमी राहील इतकं. पूर्ण भरलं तर पाणी उष्णता खाऊन टाकतं, सोल्डर धरत नाही. कमी भरलं तर वाफेला जागा राहते. नंतर टोकदार सळईने भोकांच्या आजूबाजूचा पत्रा टोचत गेले. पाचाची अकरा झाली. "ताई, आत्ता फुटू दे, रस्त्यात नको." चांगला पत्रा लागेपर्यंत घासलं, पितळेच्या पातळ पट्ट्या कापून ठेवल्या आणि दूर भट्टीवर तापवलेल्या तांब्याच्या जाड ठोकळ्याने सोल्डर फिरवलं. सोल्डर पट्टीखाली पाण्यासारखं सरकत गेलं आणि कडेने चंदेरी रेघ उमटली. नंतर टाकी हौदात बुडवून पंप मारला. मी वाकून बघत होते. एकही बुडबुडा नाही. दोन हजार आठशे रुपये झाले. मी तीन हजार दिले आणि दोनशे परत घेतले नाहीत.

टाकीची गळती तपासताना कॉम्प्रेसर लावू नका, हे वर राहिलं. टाकीचे सपाट पत्रे जास्त दाबाने फुगतात आणि मग ती जागेवर बसत नाही. सायकलचा पंप पुरतो.

बॅटरीचं : 1967 च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीला अर्थ पॉझिटिव्ह असतो, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. "काळी वायर आधी काढा" ही सवय इथे चालत नाही. बॉडीला जोडलेली वायर कुठली ते बघा आणि ती आधी काढा.

आता पंपावर ई-20 मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. म्हणून टाकी उतरलीच आहे तर सगळे रबरी पाईप आणि सेंडरची सील बदलून टाका, इथेनॉलला टिकणारे पाईप मागून घ्या. आतून कोटिंग करायचं असेल तर ते इथेनॉल सोसतं का हे आधी विचारा, नाहीतर वर्षभरात त्याचे पापुद्रे पंपात जातात. मी कोटिंग केलं नाही. पंपाच्या आधी फिल्टर लावलाय आणि दर पंधरा दिवसांनी गाडी घोडबंदर रोडला फिरवून आणते, पेट्रोल साचून राहत नाही.

टाकी वरूनच का गंजते, तर टाकी आणि डिकीच्या मध्ये ज्या पट्ट्या असतात त्यांच्याभोवती चाकांनी उडवलेला चिखल बसतो आणि पावसाळाभर ओला राहतो. काकांनी सोल्डर केल्यावर मी प्रायमर आणि दोन हात रंग मारला आणि पाणी न शोषणारं रबर कापून नव्या पट्ट्या केल्या. बसवल्यावर काठोकाठ फुल केली, सुमारे 54 लिटर, आणि खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर गेटपाशी उभी केली. सकाळी सहाला सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या आधी खाली उतरलेले. स्वतः गुडघ्यावर बसून त्यांनी कागद ओढून काढला, नाकाला लावला आणि म्हणाले, "आणा आत."