डबल-एमधील रिकामी जागा

खेळाडू तयार झाला की वरच्या पातळीवर जातो, असा अमेरिकी बेसबॉलच्या मायनर लीगबद्दल, म्हणजे मोठ्या संघांसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्पर्धांबद्दल, समज आहे. हाय-ए संघात विश्लेषक म्हणून काम करताना मला मात्र वरची जागा रिकामी झाल्यामुळे झालेल्या बढत्याच अधिक दिसल्या. 2021 च्या फेररचनेत मोठ्या संघांशी संलग्न संघ 160 वरून 120 वर आले आणि शॉर्ट-सीझनची, म्हणजे छोट्या हंगामाची, पायरी गेली; खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या चार पायऱ्यांवरच्या जागांसाठीची चुरस त्यामुळे वाढली.

आमची मालिका मंगळवारी सुरू होऊन रविवारी संपते, सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे बदल्यांचे फोन बहुधा रविवारी रात्री येतात. त्या रविवारी आमच्या डॉमिनिकन पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बॅटरांची दाणादाण उडवली आणि मॅनेजर हरखून गेले. मी एकेक पिच पुन्हा पाहिली. त्याचा स्लायडर, म्हणजे शेवटी बाजूला वळून खाली जाणारा चेंडू, गुडघ्याच्या उंचीवर स्ट्राइक (मारण्याजोग्या टप्प्यातला) वाटेल असा येई, शेवटच्या क्षणी प्लेटबाहेर मातीत उतरे आणि तरीही बॅट फिरे. डबल-एमधले बॅटर असा चेंडू सोडून देतात. पिचिंग कोच एप्रिलपासून चेंज-अपसाठी, म्हणजे वेगवान भासवून हळू टाकायच्या पिचसाठी, त्याच्या मागे लागले होते. सरावात तो ती उत्तम टाकी, सामन्यात मात्र तिला हातही लावत नसे. ‘स्लायडरवर फसतात, तर दुसरे कशाला?’ हा त्याचा प्रश्न बिनतोड होता.

त्याला इथेच ठेवावे, असा अहवाल मी पाठवला. तो कोणी उघडण्याआधीच वरच्या, डबल-ए संघातील एका पिचरचा कोपर दुखावला आणि त्याच्या जागी आमच्या पिचरची रवानगी झाली. मोठा साइनिंग बोनस (करारावर सही करताना मिळणारी रक्कम) घेतलेल्या मुलाच्या बाबतीत एवढी घाई झाली नसती. थोडक्या पैशांत आलेल्यांकडून भोके बुजवून घेतली जातात. त्याला अर्थातच आनंद झाला. 2023 च्या करारातील किमान वेतन हाय-एला वर्षाला 27,300 डॉलर, तर डबल-एला 30,250 डॉलर होते.

तिथल्या पहिल्या सामन्यात बॅटर खांद्यावरची बॅट न हलवता त्याचे स्लायडर जाऊ देत राहिले. बेस वॉकनेच, म्हणजे चार चुकार चेंडूंवर (बॉल) बॅटरला मिळणाऱ्या मोफत बेसनेच, भरले. मग तीन बॉल, एक स्ट्राइक अशा अवस्थेत त्याने चेंज-अप टाकली, आणि लगेच दुसरीही.

माझे निदान खरे ठरले. उपाय मात्र मी नेमका उलटा सुचवला होता, असे पिचिंग कोचचे म्हणणे आहे. मला ते पूर्ण पटत नाही, कारण अशाच माराने खचून स्ट्राइक टाकणे विसरलेले पिचरही मी पाहिले आहेत. आता जखमी पिचर परतणार असल्याने याला पुन्हा खाली पाठवावे का, यावर माझा अहवाल मागवला आहे आणि तो अजून माझ्याकडेच पडून आहे.