बोय, फुई, इरे
आज पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता स्पॅनिशचं 'ईर', म्हणजे 'जाणे', पाठ करत होते. जाते: बोय. गेले: फुई. जात असे: ईबा. जाईन: इरे. क्रियापद एक, पण रूपं जशी वेगवेगळ्या घरची! खरंच तसं आहे. 'बोय' लॅटिनच्या 'वादेरे'तून आलं, 'इरे' 'ईरे'तून. 'फुई' तर 'असणे'चंही भूतकाळी रूप. 'गेले' की 'होते', ते वाक्यावरूनच कळतं.

माय म्हणाली, "काय पुटपुटून राहिली वं?" समजावून सांगितलं.

"मंग आपलंबी तसंच हाय ना. जातो, गेलो. 'जालो' कोन म्हन्ते?"

हातातलं बोंड तसंच राहिलं. जन्मापासून बोलते ही भाषा, पण हे कधी दिसलंच नव्हतं. पात लागेपर्यंत मायही माझ्यासोबत म्हणत होती, "बोय, फुई, इरे."