रिटायर झाल्यावर मग जगायला लागायचं?

मे महिन्याच्या शेवटी शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. "बाई, आता तुमचं खरं आयुष्य सुरू झालं, आता एन्जॉय करा." बाजारात, बँकेत, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे हेच. माणसं प्रेमानं म्हणतात, ते कळतं मला. पण पटत नाही, आणि ख्रिस्ती माणसानं तर ते पटवून घेऊच नये असं माझं मत झालंय. आत्ता सुरू झालं म्हणजे मग आधी काय चाललं होतं? पहिलीच्या पोरांचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवत होते, वहाळाला पाणी चढलं की पोरांना पलीकडे सोडून मग घरी येत होते, खिचडीच्या तांदळाचा हिशोब लिहीत होते, ते सगळं जगणंच होतं की! देवानं दिलेलं, आणि पुष्कळदा आनंदाचंही.

आमच्या वेंगुर्ल्याकडे काय नि मालवण-देवगडकडे काय, प्रत्येक वाडीत एक तरी कुलूप लावलेलं घर असतंच. आमच्या वाडीतलं चिऱ्याचं आहे, वर स्लॅब, पुढे चांगली ऐसपैस पडवी. मुंबईत नोकरीला असलेल्या एका काकांनी बांधलं ते. रिटायर झालो की काकीला घेऊन इथे येणार, संध्याकाळी दोघं समुद्रावर जाणार, असं ठरलं होतं, आणि त्यासाठी काकीची माहेरची लग्नकार्यं चुकली, कित्येक नाताळ ओव्हरटाइममध्ये गेले, कुठे म्हणून फिरणं नाही. काका रिटायर व्हायच्या आधीच काकी गेली. आता मुलगा नाताळात येतो, चार दिवस खिडक्या उघडतो, जातो. काकांना नावं ठेवायची नाहीत मला, घराची ओढ मला कळते, पण त्या पडवीत काकी कधी निवांत बसलीच नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि आंब्याचं बघा ना. आमच्याकडे पहिल्यापासूनची रीत, चांगला हापूस पेटीत जाणार आणि डागी आंबा घरात, डाग कापून उरलेला पोरांनी खायचा. पेटीच्या पैशावर घर चालायचं त्यामुळे त्यात काही गैर नव्हतं. पण दिवसांचंही आपण तेच करायला लागतो, दिवसातला दमलेला, चिडचिडा तुकडा घरच्यांना आज देतो आणि चांगला भाग पेटीत भरून वयाच्या ५८ वर्षांपलीकडे, रिटायरमेंटनंतरसाठी, पाठवून देतो. तिकडे ती पेटी उतरवून घ्यायला आपण असणार हे कुणी सांगितलं?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातला धनवान शेतकरी सगळ्यांना माहितीये. पण येशूनं ती गोष्ट का सांगितली ते पटकन आठवत नाही कुणाला. गर्दीतून एकजण म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला सांगा मला वतनाचा वाटा द्यायला. म्हणजे वाटणीचा वाद! सातबाऱ्यावर ढीगभर नावं असलेल्या आम्हा कोकणातल्या लोकांना हे काय नवीन सांगायला नको. तर त्यावर येशू सांगतो की एका माणसाची जमीन खूप पिकली, कोठारं पुरेनात, मग त्यानं ठरवलं की ही पाडून मोठी बांधू आणि मग जिवाला म्हणू, बाबा रे, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आता विसावा घे, खा, पी, मजा कर. आणि देव म्हणतो, अरे मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागून घेतला जाईल.

प्रवचनात याला लोभी म्हणून मोकळे होतात. पण त्यानं कुणाला लुबाडल्याचं तिथे लिहिलेलं नाही, पीक चांगलं आलं एवढंच. मला खटकतं ते हे, की अख्ख्या गोष्टीत तो फक्त स्वतःशीच बोलतो. त्याच्या बोलण्यात बायको नाही, शेजारी नाही, शेतात राबलेला गडी नाही, देव तर नाहीच. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव! आणि विसावा, जेवण, आनंद हे सगळं कोठारं बांधून झाल्यावर.

आता गंमत बघा, खा-पी-आनंद कर हेच बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकातही आहे, आणि तिथे ते चांगलं म्हणून सांगितलंय. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा येतं. ९व्या अध्यायात तो म्हणतो, जा, आनंदानं आपली भाकर खा, कपडे शुभ्र असू देत, डोक्याला तेल असू दे, जिच्यावर प्रेम आहे त्या बायकोबरोबर सुखानं दिवस घालव, आणि लगेच पुढच्या वचनात, हाताला जे काम मिळेल ते सगळ्या शक्तीनिशी कर. जेवण, संसार आणि काम एकाच दमात. आधी काम उरकून घे नि मग भाकरीला चव येईल असं काही तो म्हणत नाही. आणि तो काय स्वप्नाळू माणूस नव्हे, मरण कसं सगळ्यांना सारखंच येतं ते त्यानं त्याच अध्यायात आधी सांगून टाकलंय, ते माहीत असूनच तो भाकर खा म्हणतोय. प्रेषित पौलानंही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना श्रीमंतांना सांगायला सांगितलं की बेभरवशाच्या पैशावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा, तो आपल्याला सगळं भरपूर देतो ते उपभोगासाठीच. आमच्या चर्चच्या मंडळीत कित्येक जणांना उपभोग हा शब्द ऐकला तरी संकोच वाटतो. ताटातला ताजा बांगडा मन लावून खाणं, सोलकढी दोनदा मागून घेणं, नवऱ्याबरोबर बंदरावर जाऊन नुसतं बसणं, यानं भक्ती कमी होते असं मला अजिबात वाटत नाही. देणाऱ्याचे आभार मानून खाल्लं की ती पण उपासनाच.

मग साठवायचंच नाही का? असं कुठे म्हणतेय मी. पेन्शन मला आहे आणि त्याबद्दल देवाचे उपकार. माझ्या मागून लागलेल्या शिक्षकांना, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना, जुनी पेन्शन नाही, आणि त्यांच्या पोटातली भीती मी स्टाफरूममध्ये रोज बघितलीय. त्यांना 'उद्याची चिंता करू नका' हे वचन तोंडावर फेकून आपण निघून जाणं बरं नाही. मला या बाबतीत मान्न्याची, म्हणजे रानात देव इस्राएल लोकांना रोज आकाशातून देत होता त्या अन्नाची गोष्ट फार आवडते. बायबलमधल्या निर्गमाच्या १६व्या अध्यायात लोकांना सांगितलं होतं की रोजचं रोज गोळा करा, सकाळपर्यंत ठेवू नका. काहींनी ठेवलंच, तर त्यात किडे पडले, घाण सुटली. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचं होतं, शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, आणि ते मात्र सातव्या दिवशी छान राहिलं, ना किडे ना वास. मान्ना तोच, ठेवणारे हात तेच! पहिल्यांदा देवावर भरवसा नाही म्हणून ठेवलं होतं आणि नंतर देवानं विसावा घ्यायला सांगितला म्हणून. मी फंडाचे पैसे बँकेत ठेवताना हेच डोक्यात होतं.

विसाव्याचं पण लोक एक विसरतात. देवानं विसावा आयुष्याच्या टोकाला नेऊन ठेवलेला नाही, दर सातव्या दिवशी ठेवलाय, आणि चाकराला, परक्याला, बैलालासुद्धा दिलाय. इथे जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांच्या पैदाशीचे दिवस म्हणून. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं जाळी दुरुस्त करत बसतात. हातात पैसा नसतो ते खरं, ते दिवस काढणं सोपं नसतं, पण समुद्राला दरवर्षी विसावा लागतो हे इथलं पोरगंही जाणतं, आणि माणसानं मात्र तीस-पस्तीस वर्षं न थांबता ओढून मग एकदम थांबायचं, हे कुठलं शहाणपण? मी नोकरीत असताना रविवारी शाळेचं रजिस्टर घरी आणायचे नाही. ऑनलाइन माहिती भरायचे दिवस आले तेव्हा सुद्धा नाही. त्यावरून बोलणी खाल्ली पण रविवार सोडला नाही, आणि म्हणूनच बहुतेक आता रिकामं रिकामं वाटत नाहीये, विसावा कसा घ्यायचा ते अंगवळणी पडलेलं होतं.

रिटायर होण्याबद्दल बायबलमध्ये स्पष्ट असं एकच ठिकाण मला माहितीये, गणना या पुस्तकाच्या ८व्या अध्यायाचा शेवट. लेव्यांनी, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसांनी, २५व्या वर्षी सेवेला लागायचं आणि ५०व्या वर्षी त्या कामातून मोकळं व्हायचं. त्यांच्यातल्या काहींना तर पवित्र वस्तू खांद्यावरून वाहून न्याव्या लागत, अंगमेहनतीचं काम. पण पन्नाशीनंतर घरी बसा असं नाही, दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, आपल्या भाऊबंदांना मदत करायची, फक्त मुख्य काम स्वतः करायचं नाही. यातला दुसरा भाग आमच्या मंडळ्यांना फार जड जातो. खजिनदार तोच, किल्ल्या त्याच्याच कमरेला, तरुण पोरांनी नुसत्या खुर्च्या लावायच्या. मी संडे स्कूल या जूनमध्ये एका मुलीच्या हातात दिलं. ती गिटार घेऊन शिकवते, माझ्या पद्धतीनं नाही शिकवत, आणि मी मागे बसून लहानग्यांना शूला नेते, खडू-कागद पुरवते. मला ते मनापासून आवडतंय.

उलट काहींच्या बाबतीत त्याच वयात नवीन काम उभं राहतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८६१चा जन्म. १९१७ साली, म्हणजे आज आपण पेन्शनचे कागद गोळा करतो साधारण त्या वयाला, त्यांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. १९१९मध्ये ते वारले. हाताशी जेमतेम दोन वर्षं होती आणि त्यांना ते माहीत नव्हतं! कुणाला किती दिले जातील याचा हिशोब करून त्यांनी ते सुरू केलं असतं तर केलंच नसतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. रिटायरमेंट हा शब्दच ज्यांच्या आयुष्यात नाही अशी माणसं आमच्या मंडळीत माझ्यापेक्षा जास्त आहेत. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला गेलेली, काजूच्या कारखान्यात बोटं काळी केलेली, लोकांच्या बागेत राबलेली. त्यांना 'आजचा दिवस एन्जॉय करा' म्हणायचं आणि औषधाला पैसे कुठून येतात ते विचारायचंच नाही, हे ख्रिस्ती बोलणं नव्हे. पहिल्या मंडळीत विधवांची यादी असायची, पौल १ तीमथ्यच्या ५व्या अध्यायात तिचे नियम सांगतो, वय ६०च्या खाली नको, आणि मुलं-नातवंडं असतील तर आधी त्यांनी सांभाळावं. यादी, वय, कोण कोणाला बघणार, सगळं लिहून ठेवलेलं! त्यात मला काहीही कोरडं वाटत नाही, कुणाच्या तरी रोजच्या भाकरीचा बंदोबस्त आहे तो.

तर पाळकसाहेबांशी बोलून आम्ही आमचीही यादी करायला घेतलीय. ६५ पूर्ण झालेले, दारिद्र्यरेषेखालचे किंवा तुटपुंज्या उत्पन्नाचे जे कोणी असतील त्यांचे श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरायचे, निराधार बायकांचे संजय गांधी योजनेचे. आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, एवढं घेऊन रविवारच्या उपासनेनंतर या, फॉर्म मी भरते, माझं अक्षर बरं आहे आणि सरकारी रकाने भरण्यात माझी हयात गेलीय. प्रभूची इच्छा असेल तर ऑगस्टच्या आत पहिले अर्ज तहसीलला पोचवू. येताना घरात काही जास्तीचं असेल, फणसाच्या आठळ्या, काकडी, केळीचा घड, तर घेऊन या, कागद झाले की तिथेच सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलंय.