गड्ड्याचं रीडिंग: २५००के १३ वर्षांत किती म्हातारा झाला

बऱ्याच दिवसांनी माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा लॉग टाकतोय, आणि यावेळी सांगण्यासारखं खरंच काहीतरी हाती लागलंय.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. प्रोसेसर इंटेल आय५-२५००के, जून २०१२ ला घेतलेला, नेहमीचा वेग (बेस) ३.३, गरजेला आपोआप वाढणारा (टर्बो) ३.७, माझ्याकडं मात्र ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त वेग देऊन, जवळपास सगळं आयुष्य ४.५ गिगाहर्ट्झवर पळालाय. मशीन वरच्या पत्र्याच्या खोलीत, सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या अंगाला, शेजारी दिवसभर पॉवरलूम खडखडत असतात. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३ असतं तेव्हा खोलीत काय होत असेल ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

तर या एप्रिलमध्ये दुपारी अडीचला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर चालू असताना विंडोज कोसळून निळा स्क्रीन आला, कोड ०एक्स१०१. सँडी ब्रिज, म्हणजे २५००के च्या पिढीचे प्रोसेसर, ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना हा कोड पाठ असतो, बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच, व्हीकोर (प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज) कमी पडतोय. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर त्याच्या आधीच्या आठवड्यात व्हिया लॉगरच्या (हा हार्डवेअरच्या चुका टिपतो) १९ नंबरच्या ११ एंट्र्या, म्हणजे चिप चुकत होती आणि स्वतःच दुरुस्त करून घेत होती, मला पत्ताच नाही. सेटिंग तीच, कूलर तोच, चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गेल्या दिवाळीत बदललेली.

पहिला विचार हाच आला की उन्हाळा आहे, तापला असेल. पण वही काढली आणि तिथंच थांबलो. मी २०१३ पासून दर जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, एक रीडिंग घेतो. तेव्हा रात्री खोली २३-२४ वर असते, म्हणून दरवर्षीचं रीडिंग एकमेकांशी ताडून बघता येतं. टेस्ट एकच, ४.५ वर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा प्रोग्राम) सहा तास, आणि कमीत कमी किती व्होल्टला पास होतो ते लिहायचं. २०१३ ला १.२९. २०१४ ला १.२९. २०१५ ला १.३०५, २०१६ ला १.३३. त्यानंतर फार हळू चढलाय, २०२० ला १.३३५, आणि यंदा १.३५. रोजची सेटिंग मी १.३४ वर ठेवलेली, जानेवारीतच वाढवायला पाहिजे होती, राहून गेली.

म्हणजे उष्णतेचा प्रश्नच नाही, थंडीत त्याच खोलीत त्याच कामाला त्याच चिपला आता ०.०६ व्होल्ट जास्त लागतात. यालाच आपण डिग्रेडेशन म्हणतो. चिप मरत नाही, जास्त मागायला लागते.

आता २०१४ ते २०१६ मध्ये एवढी उडी का? तेही वहीत आहे. २०१४ आणि २०१५ च्या उन्हाळ्यात मी ४.८ वर, १.४५ व्होल्ट देऊन, रात्रंदिवस रेंडर चालवत होतो. कोअरचं तापमान ८८ ते ९२ अंश. त्या दोन उन्हाळ्यांनी जेवढं खाल्लं तेवढं बाकीच्या सगळ्या वर्षांनी मिळून खाल्लेलं नाही. म्हणून कोणी विचारलं की ओव्हरक्लॉकनं आयुष्य कमी होतं का, तर मी म्हणतो नुसत्या मल्टिप्लायरला (ज्या आकड्यानं वेग ठरतो त्याला) घाबरू नका, त्याच्यामागं किती व्होल्ट ओतताय आणि किती गरम ठेवताय ते सांगा.

कारण आत काय होतं ते बघा. चिपमधल्या तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारा करंट तांब्याचे अणूच ढकलत नेतो. सीना नदीला पाणी आलं की ते वाळूत कसं एकीकडं खड्डा करतं आणि पुढं ढीग टाकतं, तसंच. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात, आणि जेम्स ब्लॅकनं १९६९ मध्ये याचं समीकरण मांडलं. त्याचा हिशोब असा की करंटची घनता दुप्पट केली की आयुष्य साधारण चौथाईवर येतं, आणि तापमानाचा परिणाम तर घातांकात आहे, म्हणजे वरचे दहा अंश खालच्या दहा अंशांपेक्षा लई महाग पडतात. दुसरीकडं ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा इन्सुलेटर व्होल्टेज आणि उष्णतेनं थकतो, थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) सरकतो, ट्रान्झिस्टर सुस्त होतो. मग त्याच स्पीडला जास्त व्होल्टेज लागतं, तुम्ही ते देता, आणि त्यानं झीज अजून वाढते.

पॉवरचं गणित पण करून ठेवा. फ्रिक्वेन्सी सरळ गुणली जाते, व्होल्टेजचा मात्र वर्ग होतो. ३.७ ला १.२५ व्होल्ट धरले आणि ४.५ ला १.३५ दिले तर स्पीड २२ टक्के वाढला, पण चिपची पॉवर ४२ टक्क्यांच्या आसपास वाढली. ही सगळी उष्णता ४० अंशांच्या खोलीत सोडायची, आणि कूलर कितीही भारी आणला तरी खोलीपेक्षा खाली तो नेऊ शकत नाही. खोली १२ नं वाढली की कोअर पण जवळपास १२ नं वाढतो, माझी वही हेच सांगते.

आणि ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचं प्रकरण झालं ते स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्याच सेटिंगवर, चालवणाऱ्यांनाही भोवलं, चिप जास्त व्होल्टेज मागत होती, ते आवरायला मायक्रोकोड (चिपच्या आतला प्रोग्राम) ०एक्स१२९ आला, इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याच्या आधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मधल्या एक्स३डी चिप जळाल्या तेव्हा एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. असे बदल मदरबोर्डच्या बायॉस अपडेटमधून येतात, ते टाळू नका.

माझ्या मित्राकडं माझ्याच महिन्यात घेतलेला हाच प्रोसेसर आहे, कधी हात लावला नाही, तो अजून स्टॉकवर बिनतक्रार. पण त्याचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) दोनदा गेला. उघडला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, आत सुताच्या बारीक तंतूंचा अक्षरशः नमदा झालेला, पंखा हातानं पण फिरत नव्हता, आणि दोन कपॅसिटर डोक्यावर फुगून तपकिरी पाणी सुटलेलं. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर १०५ अंशांना २००० तासांचा असेल तर दर दहा अंश कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट, म्हणजे ८५ ला ८०००, ६५ ला ३२०००. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, राहणाऱ्यांनी हे मनावर घ्या, आपल्याकडं धूळ म्हणजे नुसती माती नाही. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्लोअर मारतो, पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर नको तेवढ्या वेगानं फिरून बेअरिंग जातं.

आजची सेटिंग: मल्टिप्लायर ४२ (म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ), फिक्स्ड व्होल्टेज काढून कामाप्रमाणं कमी-जास्त होणारं ऑफसेट, लोडला १.२५६, रिकामा असताना १६०० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि व्होल्टेज पण उतरतं. लोड लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज पडू न देणारी सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलवरून मधल्या लेव्हलवर आणलं, कारण वरच्या लेव्हलला लोड सुटताना क्षणभर व्होल्टेज ठरवल्यापेक्षा वर उसळतं आणि सॉफ्टवेअरमध्ये ते दिसत पण नाही. काल दुपारी खोली ३९, कोअर सगळ्यात जास्त ७१. तीन आठवडे झाले, १९ नंबरची एकही एंट्री नाही. रेंडरला दर फ्रेममागं तीन-चार सेकंद जास्त लागतात.

पुढचं रीडिंग गड्ड्याला, तेव्हा फक्त टेस्टपुरता ४.५ वर नेणार, म्हणजे वहीतली रांग तुटणार नाही. तुमच्यापैकी कोणाकडं जुन्या चिपचे असे आकडे असतील तर टाका, फक्त खोलीचं तापमान नक्की लिहा, त्याशिवाय माझ्या आकड्यांशी ताडता येणार नाहीत.